म्हैसाळचा जर्मन कर्जावरचा सौर प्रकल्प आणि आमची पाणीपट्टी : आंतरराष्ट्रीय ऊर्जा सहकार्याचा हिशेब कसा मांडावा?

बोरकाठ (जत, जि. सांगली)

नमस्कार. मी जत तालुक्यातील एका पाणी वापर संस्थेचा सचिव आहे. मिरज तालुक्यात कृष्णेतून उचललेले म्हैसाळ योजनेचे पाणी टप्प्याटप्प्याने चढत कवठेमहांकाळ ओलांडून आमच्या माळापर्यंत येते, त्यामुळे आमच्याकडे पाण्याचा दर म्हणजे मुळात विजेचाच दर होय. वीजबिलाच्या थकबाकीपायी पंप बंद राहिले आणि उभी पिके वाळली, असे उन्हाळे इथल्या प्रत्येकाने पाहिलेले आहेत. पुढे बिलाचे ८१ टक्के शासनाने आणि १९ टक्के लाभधारकांनी भरायचे असे सूत्र ठरले, तेव्हा ताण बराच हलका झाला; पण बिल निघाले की सभेत वाद ठरलेलाच.

आता या योजनेसाठी जत तालुक्यात जर्मनीच्या केएफडब्ल्यू या बँकेच्या कर्जातून २०० मेगावॅटचा सौर प्रकल्प होतो आहे. त्यावरून आमच्या सभासदांत दोन तट पडले आहेत. एका गटाला वाटते की वीज फुकट होणार आणि पाणीपट्टी जवळजवळ माफ होणार. दुसऱ्या गटाला वाटते की परक्या बँकेचे कर्ज शेवटी सात-बारावरच चढणार. वार्षिक सभेत मला या विषयावर टिपण वाचायचे आहे, म्हणून जाणकारांना पुढील गोष्टी विचारतो.

हे कर्ज नेमके कोणाच्या नावावर असते आणि ते फेडतो कोण? त्यातून पाण्याचा दर खरोखर उतरण्याचा संबंध किती? आणि आंतरराष्ट्रीय सौर आघाडी, दुबईची हवामान परिषद, अक्षय ऊर्जा तिप्पट करण्याचे ठराव हे सारे आपण वर्तमानपत्रांत वाचतो. त्याचा आमच्यासारख्या टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, गावांशी काही संबंध पोहोचतो का? आमच्या एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, "तिकडे दुबईत ठराव झाला म्हणून आमच्या चारीला पाणी जास्त येणार आहे का?" मला त्यावर धड उत्तर देता आले नाही.

कृष्णाकाठ (सांगली, पाटबंधारे खात्याच्या यांत्रिकी शाखेतून निवृत्त)

सचिव महोदय, कर्जापासून सुरुवात करू, कारण गैरसमज तिथेच सर्वांत जास्त आहेत.

केएफडब्ल्यू ही जर्मन सरकारच्या मालकीची विकास बँक आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर बेचिराख झालेला देश पुन्हा उभारण्यासाठी १९४८ मध्ये तिची स्थापना झाली, आणि तिचे सुरुवातीचे भांडवल अमेरिकेच्या मार्शल योजनेच्या निधीतून आले होते. म्हणजे आज आपल्याला कर्ज देणारी ही बँक स्वतःच परदेशी मदतीतून उभी राहिलेली आहे. भारत आणि जर्मनी यांच्यात ऊर्जा मंच २००६ पासून चालू आहे, आणि मे २०२२ मध्ये बर्लिनमध्ये झालेल्या हरित भागीदारीच्या करारात जर्मनीने २०३० पर्यंत १० अब्ज युरोंपर्यंतच्या सहकार्याची तयारी दाखवली. सौर आणि पवन वीज वाहून नेण्यासाठी देशात जे हरित ऊर्जा कॉरिडॉर उभे राहिले, त्यांनाही याच बँकेचे सवलतीचे कर्ज मिळालेले आहे.

असे कर्ज कोणतेही राज्य सरकार परस्पर घेऊ शकत नाही. ते केंद्र सरकारमार्फत येते, आणि बाराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनंतर केंद्र ते जसेच्या तसे, म्हणजे त्याच व्याजदराने, त्याच मुदतीने आणि त्याच परकीय चलनातील जबाबदारीसह, राज्याच्या अंगावर सोपवते. परतफेड राज्याच्या तिजोरीतून होते. पाणी वापर संस्थेचा किंवा शेतकऱ्याच्या उताऱ्याचा त्याच्याशी काडीचाही संबंध येत नाही. आपल्या दुसऱ्या गटाला हे ठामपणे सांगावे.

मात्र 'जसेच्या तसे' यात एक मेख आहे. परतफेड युरोत करायची आणि उत्पन्न रुपयांत, अशा स्थितीत रुपया घसरला की व्याजदर कागदावर कितीही कमी दिसला तरी कर्ज महाग होत जाते. तो धोका राज्याचा. म्हणूनच कोणतेही परदेशी कर्ज स्वस्त की महाग हे केवळ व्याजाच्या टक्क्यावरून ठरवू नये.

आता आपल्या पहिल्या गटाकडे, ज्यांना वीज फुकट होणार असे वाटते. बिलाचा ८१ टक्के भार शासन उचलते, तेव्हा विजेवरचा खर्च वाचला की त्यातला ८१ टक्के वाटा आपोआप शासनाचा वाचतो, आणि शासन तो कर्जफेडीकडे वळवणार हे उघड आहे. आपल्या वाट्याच्या १९ टक्क्यांत किती घट होईल, हे सौर विजेचा दर हिशेबात कसा धरला जातो यावर अवलंबून राहील. यंत्रणेचा घसारा, कर्जाचा हप्ता आणि देखभाल हे सारे दरात मिसळले तर युनिट फार स्वस्त दिसणार नाही; केवळ देखभालीचा खर्च धरला तर दर खूपच खाली येईल. संस्थेने भांडायचे असेल तर या एका मुद्द्यावर भांडावे.

टिपणासाठी थोडे गणित देतो. एक घनमीटर पाणी १०० मीटर उंच चढवायला, काहीही वाया गेले नाही असे धरले तरी, ०.२७ युनिट वीज लागते. पंप, मोटार आणि पाइपातील घर्षण मिळून एकूण कार्यक्षमता ७० टक्के धरली तर तोच आकडा ०.३९ च्या घरात जातो. एक टीएमसी म्हणजे सुमारे २.८३ कोटी घनमीटर. म्हणजे एक टीएमसी पाणी १०० मीटर चढवण्यास साधारण १ कोटी १० लाख युनिट खर्ची पडतात. आपल्या माळापर्यंतची चढण याच्या काही पट आहे, त्यामुळे आपल्या आवर्तनाचा, म्हणजे पाणी सोडण्याच्या पाळीचा, हिशेब त्या प्रमाणात वाढवून घ्यावा. दुसऱ्या बाजूला, आपल्या भागातील उन्हात एक मेगावॅट सौर पॅनेल वर्षाला साधारण १५ ते १७ लाख युनिट देते. २०० मेगावॅटचे होतात तीस कोटींहून अधिक.

आता कार्यक्षमता ७० वरून ७५ टक्क्यांवर नेली तर तेवढेच पाणी सुमारे सात टक्के कमी विजेत चढते. त्यासाठी एक गुंठाही जमीन लागत नाही. पंपाचे इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारी आतली फिरती चाके, झिजले की विसर्ग घटतो, पण मोटार वीज खातच राहते, आणि बिल पाहून हे कोणाच्याही लक्षात येत नाही. त्यासाठी विसर्ग मोजावा लागतो. त्याहून मोठी गळती पुढे आहे. शेकडो मीटर चढवून आणलेले पाणी मातीच्या चारीत मुरले, तर पाण्यासोबत ती सगळी वीजही मुरली. बंदिस्त नलिकेतून वितरणाचा आग्रह आपण पाण्यासाठी धरतो. विजेच्या दृष्टीनेही तो तितकाच मोलाचा आहे. दुबईच्या परिषदेत डिसेंबर २०२३ मध्ये दोन उद्दिष्टे एकत्र मांडली गेली होती : २०३० पर्यंत जगाची अक्षय ऊर्जा क्षमता तिप्पट, म्हणजे किमान ११,००० गिगावॅट करणे, आणि ऊर्जा कार्यक्षमतेतील वार्षिक सुधारणेचा वेग सुमारे दोन टक्क्यांवरून चार टक्क्यांवर नेणे. बातम्यांत तिप्पट गाजले, दुप्पट मागे पडले. आपल्या ज्येष्ठ सभासदांच्या चारीशी संबंध आहे तो या मागे पडलेल्या निम्म्या भागाचा.

पठारावरचा (पाटण, जि. सातारा)

वरील उत्तर नेमके आहे. मी त्यात तंत्रज्ञानाची बाजू जोडतो, कारण माझी नोकरीची बहुतेक वर्षे वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारांवर पवनचक्क्यांच्या देखभालीत गेली. परदेशी सहकार्य कर्जाच्या रूपाने येते तसे परवान्याच्या रूपानेही येते, आणि दुसरे अधिक बारकाईने तपासावे लागते.

सातारा जिल्ह्याला ही गोष्ट नवी नाही. कोयना प्रकल्पाला जागतिक बँकेचे कर्ज मिळाले होते. चौथ्या टप्प्यासाठी १९९९ मध्ये शिवसागर जलाशयाच्या तळाखाली बोगदा नेऊन, शेवटचा खडक स्फोटाने उडवून पाणी आत घेतले गेले. ते लेक टॅपिंगचे तंत्र नॉर्वेत विकसित झालेले. तिथल्या तज्ज्ञांच्या सल्ल्याने ते आपल्या अभियंत्यांनी आत्मसात केले आणि २०१२ मध्ये त्याच जलाशयात दुसरे टॅपिंग केले. तंत्र एकदा हाती आले की ते आपले होते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

पवनऊर्जेत तसे सरसकट घडले नाही. चेन्नईची राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था १९९८ मध्ये स्थापन झाली, आणि तिचे तमिळनाडूतील कायथर येथील चाचणी केंद्र डेन्मार्कच्या डॅनिडा या मदत यंत्रणेच्या तांत्रिक व काही अंशी आर्थिक साहाय्याने उभे राहिले. आज तीच संस्था इतर विकसनशील देशांच्या अभियंत्यांना प्रशिक्षण देते. ही झाली उजवी बाजू. डावी बाजू पाहायची तर एनरकॉनचे प्रकरण पाहावे. ही जर्मन कंपनी आणि एक भारतीय उद्योगसमूह यांची भागीदारी १९९४ मध्ये सुरू झाली. पुढे तंत्रज्ञानाच्या परवान्यावरून दोघांत बिनसले, सुट्या भागांचा पुरवठा थांबला, पेटंट रद्द करण्याचे दावे लढले गेले आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाद लवादाकडे पाठवताना लवादाचे कायदेशीर स्थान भारत राहील असे स्पष्ट केले. पवनचक्की कोणाची आणि तिचे डोके चालवणाऱ्या आज्ञावलीचा मालक कोण, हे दोन प्रश्न वेगळे असतात, हे त्या प्रकरणाने अनेकांना कळले.

आम्हाला ते पठारावर रोज कळत असे. सातारच्या पठारांवर वारा मुख्यतः जून ते सप्टेंबरमध्ये वाहतो. वर्षाच्या उत्पादनाचा मोठा हिस्सा त्या चार महिन्यांत पदरात पडतो. एकदा ऐन आषाढात एका यंत्राचे नियंत्रक कार्ड निकामी झाले. तळहाताएवढी हिरवी पट्टी, एका कोपऱ्यात जळून तपकिरी झालेली. ती देशात कोणी दुरुस्त करायची नाही अशी करारात अट, आणि नवी यायची परदेशातून. ती आली तेव्हा पठारावर फुले फुलली होती आणि वारा पडला होता. पाती धडधाकट, गिअरपेटी धडधाकट, मनोरा धडधाकट, पण हंगाम गेला.

तेव्हा आपल्या सौर प्रकल्पाबद्दल माझी सूचना अशी की पॅनेलची चर्चा कमी करावी आणि पॅनेलच्या विजेला वापरण्याजोगे रूप देणाऱ्या इन्व्हर्टरची जास्त. पॅनेल वीस-पंचवीस वर्षे निमूट चालते, त्याची क्षमता हळूहळू घटते एवढेच. इन्व्हर्टर मात्र त्याआधीच बदलावे लागतात. ते कोणत्या कंपनीचे आहेत, देखभाल करार किती वर्षांचा आहे, सुटे भाग सांगली-कोल्हापुरात मिळतात की नाही, आणि स्थानिक आयटीआयची मुले त्यावर प्रशिक्षित होणार का, हे सभेत विचारले गेले पाहिजे. काही द्विपक्षीय कर्जांत यंत्रसामग्री कर्ज देणाऱ्या देशाकडूनच घेण्याची अट असते, काहींत निविदा खुली असते. या कर्जात काय आहे, ते निविदेच्या कागदांत वाचायला मिळेल.

जाता जाता एक. आंतरराष्ट्रीय सहकार्य नेहमी एकाच दिशेने ओढते असेही नाही. कास पठार, कोयना अभयारण्य आणि चांदोली हे २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळात आहेत. त्यामुळे याच डोंगररांगेत नव्या पवनचक्क्यांसाठी जागा शोधणे आता पूर्वीइतके सोपे नाही, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. जुनी, काही शे किलोवॅटची यंत्रे काढून त्याच जागी मोठी यंत्रे बसवण्याचे केंद्राचे धोरण २०२३ मध्ये आले आहे. पठार न वाढवता वीज वाढवायचा तो सरळ मार्ग आहे.

कुपवाड शेड (कुपवाड एमआयडीसी)

मी छोटी फाउंड्री चालवतो. शेतीचा विषय माझा नाही, परंतु 'दुप्पट' या भागाबद्दल लिहितो, कारण तो आमच्याकडे पोहोचलेला आहे.

आमच्या इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला साधारण साडेपाचशे ते साडेसहाशे युनिट लागतात. एकाच क्षमतेच्या दोन भट्ट्यांत शंभर युनिटांचा फरक कुठून येतो, हे ऊर्जा लेखापरीक्षक येईपर्यंत आम्हाला माहीत नव्हते. उत्तर निघाले ते अगदी साधे. हीट, म्हणजे एका खेपेचा रस, तयार झाली, पण मोल्ड म्हणजे साचे तयार नाहीत. मग धातू तापलेला ठेवण्यासाठी भट्टी चालूच. वर झाकण उघडे. तेराशे-चौदाशे अंशांचा रस उघड्यावर धगधगत असतो आणि त्याची आच थेट छपराकडे जाते. झाकण बंद ठेवणे आणि मोल्डिंगचे वेळापत्रक भट्टीशी जुळवणे, या दोन सवयींत नवे यंत्र कोणतेच नाही.

परदेशाचा हात यात कुठे आहे? तीन ठिकाणी. स्विस सरकारच्या विकास यंत्रणेने दिल्लीच्या टेरी या संस्थेबरोबर १९९० च्या दशकात लघुउद्योगांच्या भट्ट्यांवर काम केले, आणि हावड्याच्या फाउंड्री वसाहतीत १९९८ मध्ये दुहेरी हवेच्या कुपोला (कोकवर चालणाऱ्या उभ्या) भट्टीचे प्रात्यक्षिक उभारले. ते तंत्र ब्रिटिश ओतकाम संशोधनातून आलेले. त्याने कोकचा वापर लक्षणीय उतरला. पुढे जागतिक पर्यावरण निधी, संयुक्त राष्ट्रांची औद्योगिक विकास संघटना युनिडो आणि आपला ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो यांच्या संयुक्त कार्यक्रमात आमच्या शेजारचे बेळगाव हे फाउंड्री केंद्र निवडले गेले. तिसरे म्हणजे पैसा. जपानच्या जायका या सरकारी मदत संस्थेने २००८ मध्ये लघुउद्योगांची बँक असलेल्या सिडबीला ३० अब्ज येनचे कर्ज लघुउद्योगांतील ऊर्जा बचतीसाठी दिले, आणि त्यासाठी मान्य उपकरणांची एक यादी ठरवून दिली. यादीतले यंत्र घ्या, सवलतीचे कर्ज घ्या, इतका सुटसुटीत कारभार. प्रत्येक अर्जाला वेगळा तांत्रिक अहवाल मागितला असता तर आमच्यासारखे कोणी बँकेची पायरी चढले नसते.

परंतु सर्वांत मोठे सहकार्य ज्याला म्हणावे ते कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. आपल्या पंपाच्या मोटारीवरची पाटी पाहावी. त्यावर 'आयई-२' किंवा 'आयई-३' असे कोरलेले असेल. ही कार्यक्षमतेची श्रेणी जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने ठरवलेली आहे. हा आयोग १९०६ पासून मापे आणि कसोट्या ठरवण्याचे काम करतो. भारतीय मानकात त्याच श्रेणी घेतल्या गेल्या, म्हणून सांगलीतला खरेदीदार कोइमतूरची आणि जर्मनीची मोटार एकाच मापाने तोलू शकतो. कसोटी एक नसेल तर 'कार्यक्षम' हा शब्द प्रत्येक विक्रेत्याच्या तोंडी असतो आणि त्याला काही किंमत नसते.

किमतीचेही तसेच. एलईडी दिव्याची सरकारी खरेदी २०१४ मध्ये तीनशे रुपयांच्या पुढे होती. एकत्रित निविदांमुळे दोन-तीन वर्षांत ती चाळीस रुपयांच्या खाली आली, आणि उजाला योजनेत ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. हीच पद्धत आंतरराष्ट्रीय सौर आघाडीने पंपांना लावून पाहिली. २०१९ मध्ये २२ देशांची मागणी एकत्र करून सुमारे २ लाख ७० हजार सौर पंपांची निविदा भारताच्या ईईएसएल या सरकारी ऊर्जा-बचत कंपनीमार्फत काढली गेली. एकेका छोट्या देशाने स्वतंत्र निविदा काढली असती तर तो भाव त्याला कधीच मिळाला नसता.

बोरकाठ (जत)

सर्वांचे आभार. इन्व्हर्टरचा आणि दर-निश्चितीचा मुद्दा मी टिपणात घेतो आहे. एक शंका उरते. सौर आघाडीचे मुख्यालय आपल्या देशात, गुरुग्रामला आहे. पॅरिसमध्ये २०१५ साली तिची घोषणा भारत आणि फ्रान्सने मिळून केली. असे असताना पॅनेल स्वस्त मिळावेत यासाठी तिचा उपयोग का होत नाही, आणि आपल्याकडे बाहेरच्या पॅनेलवर उलट कर का लागतो, असे तरुण सभासद विचारतात. शिवाय योजना पावसाळ्यात बहुतांश बंद असते, तेव्हा तयार झालेली वीज जाते कुठे?

कराडकर मास्तर (कराड, अर्थशास्त्राचे अध्यापन)

तरुणांचा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचे उत्तर असे की सहकार्य करणारे देश त्याच वेळी एकमेकांचे स्पर्धकही असतात. आघाडीची घोषणा ३० नोव्हेंबर २०१५ रोजी झाली. अवघ्या तीन महिन्यांनी, फेब्रुवारी २०१६ मध्ये, जागतिक व्यापार संघटनेच्या समितीने अमेरिकेच्या तक्रारीवरून भारताविरुद्ध निर्णय दिला, कारण आपल्या सौर मोहिमेत देशी बनावटीचे पॅनेल वापरण्याची अट होती. अपिलातही तो कायम राहिला. पुढे भारताने अमेरिकेतील राज्यांच्या तशाच अटींविरुद्ध तक्रार केली आणि २०१९ मध्ये समितीचा निर्णय आपल्या बाजूने लागला. हवामान परिषदेत हस्तांदोलन आणि जिनिव्हात व्यापार संघटनेपुढे दावे, असा तो काळ होता.

करामागचे कारण चीन आहे. सौर पॅनेलच्या निर्मिती साखळीतील प्रत्येक टप्प्यावर जगातील ८० टक्क्यांहून अधिक क्षमता त्या एका देशात आहे. आपण एप्रिल २०२२ पासून आयात पॅनेलवर ४० टक्के आणि सौर सेलवर २५ टक्के सीमाशुल्क लावले, ते देशात कारखाने उभे राहावेत म्हणून. दर पुढे बदलले, धोरणाची दिशा तीच राहिली. याचा भार प्रकल्पाच्या खर्चावर, म्हणजे शेवटी युनिटच्या दरावर पडतो, हे खरे. पण सर्व पॅनेल एकाच शेजाऱ्याकडून घेण्याचा धोका खनिज तेलाच्या धोक्याहून निराळा नाही. यातला समतोल कुठे साधावा यावर माझे मत असे की कर ठेवावा, परंतु सार्वजनिक पाण्याच्या योजनांना वाढलेल्या खर्चाची भरपाई वेगळी द्यावी. दुष्काळी तालुक्याने देशी उद्योगाचा भार का उचलावा?

आणि ठरावांकडे थोडे सावधपणेच पाहावे, मग ते परदेशातले असोत वा घरचे. जागतिक जैवइंधन आघाडीची घोषणा ९ सप्टेंबर २०२३ रोजी दिल्लीच्या जी-२० परिषदेत झाली. त्याच वर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, साखर कमी पडेल या भीतीने, उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने निर्बंध आणले. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतल्या साखर पट्ट्याला त्याची झळ काय असते हे सांगायला नको. आसवनी वाढवण्यासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते काही निर्बंधांसाठी थांबत नाहीत. दुबईतही तसेच. तिप्पट-दुप्पटच्या स्वतंत्र प्रतिज्ञापत्रावर भारताने सही केली नाही, मात्र परिषदेच्या अंतिम निर्णयात तीच उद्दिष्टे आली आणि तो निर्णय सर्वांनी मान्य केला. यात दुटप्पीपणा शोधण्याची घाई नको. पैसा कोण देणार हे न ठरता आकडा स्वीकारायला विकसनशील देश बिचकतात, आणि २००९ मध्ये कोपनहेगनला कबूल केलेले वर्षाला १०० अब्ज डॉलर ठरल्या मुदतीत, म्हणजे २०२० पर्यंत, आले नाहीत हे पाहता त्यांचे बिचकणे समजण्यासारखे आहे.

तरुणांना आणखी एक फरक समजावून द्यावा. देशाच्या एकूण वीजनिर्मिती क्षमतेपैकी निम्मी क्षमता बिगर-खनिज स्रोतांची झाली, असे केंद्राने जुलै २०२५ मध्ये जाहीर केले. ही क्षमता आहे, प्रत्यक्ष तयार झालेली वीज नव्हे. सूर्य रात्री नसतो, त्यामुळे प्रत्यक्ष युनिटांत कोळशाचाच वाटा अजून मोठा आहे. म्हैसाळच्या प्रकल्पाचे २०० मेगावॅटही याच अर्थाने वाचावेत.

कृष्णाकाठ (सांगली)

शेवटच्या शंकेचे उत्तर देऊन थांबतो. आवर्तन चालू असते तेव्हा पंप रात्रंदिवस चालतात, पॅनेल मात्र दिवसाच वीज देते. दुपारी जास्त, रात्री शून्य, पावसाळ्यात पंप बहुतेक बंद पण थोडीफार निर्मिती चालूच. पुराचे पाणी दुष्काळी भागात सोडण्यासाठी पंप चालवले तर तेवढा वापर होतो. उरलेली वीज महावितरणच्या जाळ्यात जाते, आणि तिचा हिशेब राज्य वीज नियामक आयोगाच्या नियमांनुसार ठरतो. येथे तीन गोष्टी निर्णायक आहेत : जादा युनिट किती काळ खात्यावर राहतात, रात्री परत घेताना दिवसाच्या युनिटची किंमत तेवढीच धरली जाते का, आणि वहनाचा, म्हणजे वीज जाळ्यातून वाहून नेण्याचा, आकार किती कापला जातो. महिन्याअखेर खाते कोरे होत असेल तर जुलैची वीज मार्चमध्ये कामाला येणार नाही, आणि तसे असेल तर तीस कोटींचा आकडा ऐकून हुरळून जाण्यात अर्थ नाही.

म्हणून सभेत पाणीपट्टी माफीचा ठराव घेऊ नये. तो वर जाऊन फायलीत बसेल. त्याऐवजी कृष्णा खोरे विकास महामंडळाकडे तीन कागद मागणारा ठराव घ्यावा : सौर युनिटचा दर हिशेबात कसा धरणार याचे लेखी सूत्र, महिनावार निर्मिती आणि वापराचा तक्ता दरवर्षी संस्थांना देण्याची हमी, आणि प्रत्येक टप्प्यावरील पंपांच्या विसर्ग चाचणीचे अहवाल. तिसरा कागद सौर प्रकल्प उभा राहण्याची वाट न पाहता आजही मागता येतो. चाचणी शक्यतो पूर्ण भाराने पंप चालू असताना, उन्हाळी आवर्तनात व्हावी, आणि त्या वेळी संस्थेचा एक प्रतिनिधी पंपगृहात हजर असावा, एवढे ठरावात आवर्जून लिहून घ्यावे. ठरावाचा मसुदा मंगळवारपर्यंत इथेच टाकलात तर मी वाचून दुरुस्त्या सुचवीन.